कोबीच्या पानाची खालची बाजू



थंडीचे दिवस सुरू झाले म्हणजे शहरांतील परसांतून, गच्च्यांवरून आणि गॅलरींतील कुंड्यांतून कोबीचीं रोपें डोकें वर काढूं लागतात. अलीकडे त्यांच्या शेजारीं ब्रोकोलीचीही एकदोन रोपें दिसतात. बाजारांत हवा तितका कोबी मिळत असतांना हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारल्यास बहुतेक घरांतून एकच उत्तर येतें : घरच्या गड्ड्यावर काय फवारलें आहे तें आपणांस ठाऊक असतें. उत्तर अगदीं रास्त आहे. पण लावणीला तीनचार आठवडे होतात न होतात तोंच पानांना भोकें पडूं लागतात, आणि जें विष टाळण्यासाठीं भाजी घरीं लावली त्याच विषाची बाटली आणण्याचा विचार मनांत डोकावूं लागतो. हा पेच आपल्याला नवा वाटतो. पण कोबी आणि अळी यांचें वैर दोन हजार वर्षांहून जुनें आहे, आणि त्यांत माणसानें काय काय केलें त्याची हकीगत मोठी बोधक व थोडी गमतीची आहे.

ह्या हकीगतीचें सर्व मर्म एका साध्या प्रश्नांत आहे : पानावर अळी येते ती कोठून ? ज्या काळीं ह्या प्रश्नाला जें उत्तर मिळालें, त्यावरूनच त्या काळचा उपाय ठरला.

प्रथम प्राचीन ग्रीस व रोम येथें जावें लागेल. कारण कोबीचें मूळ घर भूमध्यसमुद्राच्या व युरोपच्या पश्चिम किनाऱ्याच्या बाजूचें. रानटी कोबीला गड्डा नसतो. खडकाळ किनाऱ्यावर वाढणारें, जाड निळसर पानांचें तें एक झुडूप. रोमन लोकांना ह्या भाजीचें विलक्षण कौतुक होतें. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत केटो नांवाच्या करड्या मुत्सद्द्यानें शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यांत कोबी ही सर्व भाज्यांत श्रेष्ठ ठरवून तिच्या औषधी गुणांचें वर्णन त्यानें इतक्या हौसेनें केलें आहे, कीं वाचणाराला हा शेतकी ग्रंथ आहे कीं वैद्यक, असा प्रश्न पडावा.

अळीच्या उत्पत्तीविषयीं मात्र ह्या लोकांची कल्पना निराळी होती. ॲरिस्टॉटलनें लिहून ठेविलें आहे, कीं फुलपांखरें अळ्यांपासून होतात आणि अळ्या हिरव्या पानांवर, विशेषेंकरून कोबीच्या पानांवर, उत्पन्न होतात. आरंभीं त्या वरीच्या दाण्याहूनही लहान असतात. पुढें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत प्लिनी ह्या रोमन ग्रंथकारानें हीच गोष्ट अधिक तपशिलानें सांगितली. वसंताच्या आरंभीं पानावर दंव पडतें, सूर्याच्या उष्णतेनें तें आटून वरीच्या दाण्याएवढें होतें, त्यांतून एक बारीक किडा निघतो आणि तीन दिवसांत त्याची अळी होते, असें त्याचें म्हणणें. आपण हंसण्यापूर्वीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. ह्या माणसांनीं पान पाहिलें होतें. वरीच्या दाण्याएवढी ती वस्तु त्यांच्या दृष्टीस पडली होती. ती वस्तु म्हणजे पांढऱ्या फुलपांखराचें अंडें होय. पण तें घालणारें फुलपांखरूं उडून गेल्यावर तें दिसल्यामुळें त्यांनीं त्याचें पितृत्व दंवाकडे दिलें.

आणि अळी जर दंवापासून, म्हणजे आकाशांतून, येत असेल, तर तिला पानावर शोधून काय उपयोग ? उपाय साहजिकच दैवी झाले. बागेच्या खुंटावर घोडीच्या डोक्याची कवटी लावून ठेवावी, किंवा बागेच्या मध्यभागीं नदींतील खेकडा टांगावा, असे तोडगे प्लिनीनें नमूद केले आहेत. कोल्युमेला हा त्याच शतकांतील शेतीचा मोठा जाणकार लेखक. तोही सांगतो कीं, रजस्वला स्त्रीनें केस मोकळे सोडून अनवाणी पायांनीं वाफ्याभोंवतीं तीन फेऱ्या घातल्या म्हणजे अळ्या गळून पडतात. आपल्याकडे पुष्कळ घरांतून अशा दिवसांत तुळशीला व लोणच्याच्या बरणीला हात लावूं देत नसत. तिकडे तीच समजूत शेतकऱ्यानें औषध म्हणून वापरली, एवढाच फरक. ह्या तोडग्यांच्या गर्दींत एक गोष्ट मात्र वेगळी उठून दिसते. कोबीच्या वाफ्यांत हरभरा पेरला असतां अळ्या दूर राहतात, असेंही प्लिनी म्हणतो. तो उपाय कितपत लागू पडत होता हा प्रश्न सोडा. पण एका पिकाचें रक्षण दुसऱ्या पिकाकडून करवून घेण्याची कल्पना त्यांत आहे, आणि तिच्याकडे आपल्याला शेवटीं परत यावयाचें आहे.

ह्यानंतर जवळजवळ पंधराशें वर्षें ह्या विषयांत सांगण्यासारखें फारसें घडलें नाहीं.

१६०२ सालीं इटलींतील बोलोन्या येथें उलिसे आल्द्रोव्हांदी ह्या पंडितानें कीटकांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोबीवरील अळीच्या अंगाशेजारीं पिवळ्या रंगाच्या, रेशमी, तांदुळाहून लहान अशा गोळ्यांचा पुंजका त्याला दिसला, आणि तीं अळीचीं अंडीं असावींत असें त्यानें ठरविलें. वस्तुतः तीं अंडीं नव्हतीं. चिलटाएवढ्या आकाराची, गांधीलमाशीच्या दूरच्या कुळांतील एक काळी माशी आहे. ती कोवळ्या अळीच्या अंगांत सोंडेसारखी नळी खुपसून आपलीं अंडीं घालते. त्यांतून निघालेलीं पिलें अळीला आंतून खात वाढतात, आणि पूर्ण वाढ झाली म्हणजे तिची कातडी फोडून बाहेर येऊन तेथेंच आपले पिवळे कोष विणतात. अळी मरते. आल्द्रोव्हांदीनें पाहिलेला पुंजका म्हणजे तिच्या मारेकऱ्यांचीं घरें होतीं.

हें कोडें सुटण्यास शंभर वर्षें लागलीं. दरम्यान १६६८ सालीं फ्रांचेस्को रेदी ह्या इटालियन वैद्यानें आपला प्रसिद्ध प्रयोग केला. मांसाचे तुकडे कांहीं उघड्या भांड्यांत व कांहीं झिरझिरीत कापडानें झांकलेल्या भांड्यांत ठेवून त्यानें दाखविलें, कीं जेथें माशी पोहोंचूं शकत नाहीं तेथें किडे पडत नाहींत. किडे मांसांतून उपजत नाहींत. कोणीतरी तेथें अंडीं घालतें. त्यानंतर ११ वर्षांनीं, १६७९ सालीं, जर्मनींतील न्यूरेंबर्ग येथें मारिया सिबिला मेरियन ह्या चित्रकर्त्रीनें अळ्यांवर एक पुस्तक काढलें. ही बाई कोणत्याही विद्यापीठांत शिकलेली नव्हती. घरीं पेट्यांतून अळ्या पाळाव्या, त्यांना त्यांच्या आवडीचीं पानें घालावीं, आणि अंडें, अळी, कोष व फुलपांखरूं हीं चारही रूपें एकाच पानावर चितारावीं, असा तिचा अनेक वर्षांचा क्रम. कधीं कधीं पाळलेल्या अळीपासून फुलपांखरूं न निघतां बारीक माशाच निघत; तेंही तिनें प्रामाणिकपणें टिपून ठेविलें. घर, मुलें व चूल सांभाळून केलेलें हें निरीक्षण त्या काळच्या कित्येक पंडितांच्या ग्रंथांहून भरवशाचें आहे, असें माझें मत आहे. अखेर अठराव्या शतकाच्या आरंभीं आंतोनियो व्हालिस्न्येरी ह्या इटालियन शास्त्रज्ञानें कोबीच्या अळीशेजारच्या पिवळ्या पुंजक्याचा खरा अर्थ सांगितला. अळी अंडीं घालीत नाहीं. अळीला कोणी दुसराच खात आहे.

ह्या शोधाचा अर्थ केवढा आहे तो पाहा. अळी दंवांतून येत नसून अंड्यांतून येते, हें एकदां कळलें म्हणजे उपाय आकाशांतून खालीं उतरून पानाच्या खालच्या बाजूला येतो. पान उलटावें, अंडीं बोटानें चिरडावीं. रेदीच्या भांड्यावर होतें तसें झिरझिरीत कापड रोपांवर घालावें, म्हणजे अंडीं घालणारी येऊंच शकणार नाहीं. घरांतील जुनी मच्छरदाणी चार काठ्यांवर ताणून कुंड्यांवर घातली तर जें काम होतें, तें पृथक्करण करून पाहिल्यास रेदीचाच प्रयोग आहे. मात्र ती रोपें लावल्या दिवशींच घालावी, कडा मातींत दाबाव्या आणि पान जाळीला टेंकूं देऊं नये; अंडीं पडून गेल्यावर घातलेली मच्छरदाणी म्हणजे अळ्यांना पाहुणचारासाठीं बांधून दिलेला मांडवच.

आतां कोबी आपल्याकडे कसा आला तें थोडक्यांत सांगतों. मराठींतील कोबी हा शब्दच त्याचें गोत्र सांगतो. पोर्तुगीज भाषेंत ह्या भाजीला कोउव्ह म्हणतात. गोव्याच्या वाटेनें आलेल्या बटाटा, पाव, काजू अशा शब्दांच्या पंगतींतलाच हा एक. फुलकोबीचें बीं इंग्रजांनीं १८२२ सालीं सहारनपूरच्या बागेंत आणविलें. ब्रोकोली तर आपल्याकडे अगदीं कालपरवाची. कोबी, फुलकोबी, ब्रोकोली आणि नवलकोल हीं बाजारांत चार निरनिराळ्या भावांनीं विकलीं जातात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें तीं एकाच जातीचीं झाडें होत. कोणाचें पान फुगविलें, कोणाचा कळा, कोणाचा देठ, इतकेंच. भाजीवाल्याला हें ठाऊक असो वा नसो, अळीला तें पक्कें ठाऊक असतें.

तें तिला कसें कळतें, ह्याचें उत्तर पुढें येईल. त्याआधीं अटलांटिक ओलांडून अमेरिकेंत गेलें पाहिजे, कारण ह्या युद्धाचें आधुनिक पर्व तेथें सुरू झालें. १८६० च्या सुमारास कॅनडांतील क्विबेक येथें युरोपांतील लहान पांढरें फुलपांखरूं प्रथम आढळलें. जहाजांतून आलेल्या भाजीबरोबर तें आलें असावें. सॅम्युअल स्कडर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें गांवोगांवच्या निरीक्षकांना पत्रें लिहून, हें फुलपांखरूं त्यांच्याकडे प्रथम कोणत्या वर्षीं दिसलें तें विचारलें, आणि १८८७ सालीं त्याच्या प्रसाराचा साद्यंत वृत्तांत प्रसिद्ध केला. पंचवीस वर्षांत तें क्विबेकपासून निघून मिसिसिपी नदी ओलांडून पलीकडे गेलें होतें. त्याचे शत्रु युरोपांत राहिले आणि तें एकटेंच नव्या जगांत आलें. मग त्याला अडविणार कोण?

बागवान घाबरले, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातीं विष लागलें. पॅरिस ग्रीन ह्या नांवाचें एक हिरवें चूर्ण रंगाच्या दुकानांत मिळत असे. तें तांबें व सोमल यांचें संयुग. १८६७ च्या सुमारास अमेरिकन शेतकऱ्यांनीं तें बटाट्यावरील किड्यांवर टाकून पाहिलें, आणि तेथून तें कोबीवर आलें. बटाटा जमिनीखालीं असतो, पण कोबीचें पान तर आपण खातों ! लोकांनीं भीति व्यक्त केली. तेव्हां एका कीटकशास्त्रज्ञानें हिशेब करून त्यांना धीर दिला, कीं विषबाधा व्हावयाची तर माणसाला एका बैठकीस २८ गड्डे खावे लागतील. हिशेब बिनचूक असेलही. पण तो एका बैठकीचा होता. रोज थोडथोडें पोटांत जाणाऱ्या सोमलाचें काय होतें हा प्रश्न त्यांत विचारलाच नव्हता. गृहिणींच्या मनांतला प्रश्न तर नेमका तोच होता. १९२५ सालीं अमेरिकेंतून आलेल्या सफरचंदांवरील सोमलामुळें इंग्लंडांत लोक आजारी पडले व दोन देशांत वाद झाला, तेव्हां कोठें त्याला गांभीर्य आलें.

त्याच काळांत दुसऱ्या एका माणसानें वेगळा मार्ग धरला. चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली हा अमेरिकेच्या कृषिखात्याचा मुख्य कीटकशास्त्रज्ञ. जन्मानें तो इंग्रज, त्यामुळें ज्या माशीचे पिवळे कोष आल्द्रोव्हांदीला अंडीं वाटले होते तिचा इंग्लंडमधील पराक्रम त्याला माहीत होता. फुलपांखरूं आलें तर त्याचा वैरी कां आणूं नये ? १८८३ सालीं त्यानें इंग्लंडहून ते कोष मागविले व त्यांतून निघालेल्या माशा वॉशिंग्टनच्या परिसरांत आणि इतरत्र सोडल्या. परोपजीवी कीटक बुद्ध्या एका खंडांतून दुसऱ्या खंडांत नेऊन तेथें वसविल्याचें हें पहिलें उदाहरण समजलें जातें. माशी टिकली, फैलावली. पुढें एक अनिष्ट गोष्टही घडली, ती सांगितली पाहिजे : मॅसॅच्युसेट्स भागांतील मूळच्या, निरुपद्रवी अशा एका पांढऱ्या फुलपांखरालाही ह्या माशीनें गांठलें, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तें तेथून नाहींसें होत चालल्याचें शास्त्रज्ञांच्या ध्यानांत आलें. मित्र निवडतांनाही त्याची संपूर्ण ओळख करून घ्यावी लागते.

आपल्या देशांत कीटकांचा पद्धतशीर अभ्यास १९०५ सालीं बिहारांत पुसा येथें कृषिसंशोधन संस्था निघाली तेव्हांपासून नीट सुरू झाला. तेथील कीटकशास्त्रज्ञ हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय याचा हिंदुस्थानांतील कीटकांवरचा जाडजूड ग्रंथ १९०९ चा. त्याच्या जागीं आलेल्या बेनब्रिग फ्लेचर यानें १९१४ सालीं दक्षिणेंतील कीटकांवर लिहितांना कोबीवरील ज्या पतंगाची नोंद केली, तोच महाराष्ट्रांतील घरगुती बागेचा खरा शत्रु. पांढरें फुलपांखरूं हिमालयाच्या पायथ्याला व उत्तरेकडील मैदानांत उपद्रव देतें. आपल्याकडील हा चोर निराळा आहे. त्याला चौकोनी ठिपक्यांचा पतंग म्हणतात. लांबी जेमतेम ८ मिलिमीटर, रंग मातकट. पंख मिटून बसला म्हणजे पाठीवर फिकट चौकटी दिसतात. अळी फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती. तिला बोट लावतांच ती वळवळून रेशमाच्या धाग्यानें खालीं लोंबकळते. ही तिची खूण. ती पानाची खालची बाजू खरवडून वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळें पानाला कांचेच्या तावदानासारख्या खिडक्या पडतात. ब्रोकोलीच्या कळ्यांत शिरली तर रंगानें ती ओळखूंच येत नाहीं. म्हणूनच तुरे चिरण्यापूर्वीं मिठाच्या पाण्यांत कांहीं वेळ बुडवून ठेवण्याची पद्धत आहे.

ह्या क्षुद्र पतंगानें विसाव्या शतकांतील मोठमोठ्या औषधांची जी फजिती केली तिला तोड नाहीं. १९३९ सालीं पॉल म्यूलर ह्या स्विस रसायनशास्त्रज्ञाला डीडीटीचा कीटकनाशक गुण सांपडला, आणि १९४८ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. कीड आतां संपली, असें लोकांना वाटलें. पण जावा बेटांत लेंबांग येथील कोबीच्या मळ्यांत ह्या पतंगाच्या अळ्या डीडीटी पचवूं लागल्याचा वृत्तांत १९५३ सालींच प्रसिद्ध झाला. पिकावरील किडीनें डीडीटीला दाद न दिल्याचें शेतांतील पहिलें उदाहरण हेंच. त्यानंतर एकामागून एक औषधें आलीं व त्याच वाटेनें गेलीं. कारण उघड आहे. उष्ण हवेंत ह्या पतंगाची एक पिढी दोनतीन आठवड्यांत पुरी होते. विषांतून वांचलेल्या थोड्यांचीच संतति पुढें वाढते. आणि विषानें त्यांचे वैरी मात्र आधीं मरतात. भारतांत शेतीसाठीं डीडीटीचा वापर १९८९ सालीं बंद करण्यांत आला.

त्याच जावाची दुसरी बाजू ऐकण्यासारखी आहे. ह्या पतंगाच्या अळीला खाणारी एक परोपजीवी माशी इंग्लंडहून न्यूझीलंडला नेण्यांत आली होती. तेथून ती १९५० सालीं जावांत आणून सोडली. पुष्कळ वर्षें तिचा कांहीं प्रभाव दिसेना. शेतकरी दर आठवड्याला फवारीत, आणि माशी अळीच्या आधीं मरे. पुढें डोंगराळ भागांत जहाल औषधें कमी करून केवळ अळीलाच मारणारें जिवाणूंचें औषध वापरूं लागले, तेव्हां ती माशी कामाला लागली. ती इतकी वर्षें तेथेंच होती.

ह्या जिवाणूच्या औषधाचें नांव महाराष्ट्रांत २००२ पासून कापसामुळें घरोघरीं पोहोंचलें आहे : बीटी. १९०१ सालीं जपानांत इशिवाता ह्या शास्त्रज्ञाला रेशमाच्या अळ्यांच्या एका रोगांत हा जिवाणू सांपडला. दहा वर्षांनीं बर्लिनर ह्या जर्मन शास्त्रज्ञाला तो थुरिंगिया प्रांतांतून आलेल्या, पिठांतील अळ्यांत आढळला, आणि त्या प्रांताचें नांव त्याला मिळालें. ह्या जिवाणूच्या अंगांत एक स्फटिक असतो. अळीच्या आंतड्यांतील रस अल्कधर्मी असतो, त्यांत तो विरघळून विषारी होतो व आंतडें फोडतो. माणसाचें पोट आम्लधर्मी असल्यानें तेथें तसें घडत नाहीं. घरच्या भाजीवर फवारावयाचेंच झालें तर हें सर्वांत सौम्य. पण ह्याचाही अतिरेक अंगाशीं आला. १९९० सालीं हवाई बेटांतून बातमी आली, कीं चौकोनी ठिपक्यांच्या पतंगानें ह्यालाही जुमानणें सोडलें आहे. तीही शेतांतील पहिलीच नोंद, आणि मानकरी तोच.

कडुनिंबाची गोष्ट आपल्याला जवळची आहे. धान्यांत निंबाचा पाला घालण्याची रीत आपल्या घरांतून फार जुनी. पण तिला शास्त्रीय बैठक १९६२ सालीं दिल्लीच्या भारतीय कृषिसंशोधन संस्थेंत प्रधान, जोतवानी व राय यांनीं दिली. निंबोळीच्या गराचें पाणी शिंपडलेल्या पिकाला टोळ तोंड लावीत नाहींत, असें त्यांनीं दाखविलें. घरीं करावयाचें तर ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवाव्या, सकाळीं फडक्यानें गाळून त्यांत किंचित् साबण मिसळावा, आणि संध्याकाळीं पानाच्या खालच्या बाजूला फवारावें. ऊन ह्या अर्काची शक्ति लवकर घालवितें, म्हणून संध्याकाळ. तो अळीला तत्काळ मारीत नाहीं. तिची भूक व वाढ खुंटवितो. दुसऱ्या दिवशीं अळी जिवंत दिसली म्हणून हात टेंकण्याचें कारण नाहीं.

आतां राहिलेला प्रश्न : अळीला, आणि तिच्या आईला, कोबी ओळखूं कसा येतो ? १९१० सालीं ॲम्स्टरडॅम येथील फेरशाफेल्ट ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें ह्याचें उत्तर दिलें. कोबी, मुळा, मोहरी हीं सारीं एका कुळांतील. ह्यांच्या पानांत एक गंधकयुक्त द्रव्य असतें. पान चावलें वा चिरलें गेलें कीं त्यापासून मोहरीचा झणझणीत अर्क होतो. फेरशाफेल्टनें हें द्रव्य अळ्या एरवीं ज्यांना तोंड लावीत नाहींत अशा पानांना चोपडलें, आणि कोबीवरच्या अळ्या तीं पानें खाऊं लागल्या. झाडानें हें तिखट शस्त्र शत्रूंना पळविण्यासाठीं केलें. बहुतेक कीटक पळतातही. पण ह्या मोजक्या कीटकांनीं त्या शस्त्राचीच खाणाखूण केली. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीजवळ तर हें शस्त्र बोथट करणारें एक पाचकद्रव्यच आहे, असें २००२ सालीं जर्मनींतील शास्त्रज्ञांना आढळलें. आपण कोबीच्या भाजीला मोहरीची फोडणी देतों. ह्या दोघांचें नातें कढईंत जुळण्यापूर्वींच शेतांत जुळलेलें असतें.

आणि ह्याच नात्याचा फायदा बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं घेतला. अळीच्या आईला मोहरीचा वास हवा ना ? मग तिला खरी मोहरीच द्यावी. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतींत कोबीच्या २५ ओळींमागें मोहरीच्या दोन ओळी असतात : एक कोबी लावण्यापूर्वीं १५ दिवस पेरावयाची, दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनीं, म्हणजे पहिली जून होऊन वाळूं लागली तरी कोवळी मोहरी सतत उभी राहते. पतंग कोबी सोडून मोहरीवर अंडीं घालतात, आणि औषध मारावयाचें तें मोहरीवर मारतां येतें. प्लिनीच्या हरभऱ्याची येथें आठवण होते. फरक एवढाच, कीं येथें मोहरीच कां, तें सांगतां येतें.

कुंड्यांच्या बागेंत हा हिशेब फारच लहान होतो. आठदहा कोबींच्या दोन टोकांना मोहरीच्या दोन कुंड्या, आणि लावणी स्थिरावल्यावर आणखी दोन. दर तीनचार दिवसांनीं मोहरीचीं पानें उलटून पाहावीं व अळ्या साबणाच्या पाण्यांत झटकाव्या, कोबीचींही पाहावीं. आणि पानाच्या खालीं, वाळलेल्या अळीच्या शेजारीं, तांदुळाच्या कणीएवढा एकादा पांढरा रेशमी कोष चिकटलेला दिसला, तर तो खरवडून काढूं नये. चौकोनी ठिपक्यांच्या अळीला खाणारी माशी आपल्याकडे एकेक पांढरा कोष करते. त्या पानाला हात न लावतां तें तसेंच राहूं द्यावें. चारपांच दिवसांत कोषाचें टोंक झांकणासारखें उघडतें, आणि चिलटाएवढी एक काळी माशी शेजारच्या पानावर चढून अळी हुडकूं लागते.